जपून वापरलेली पेटी

"आत बाळ आहे. आवाज नको," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

बाहेर टेपवाले साहेब होते. त्यांच्यामागे दोन हमाल, आणि हमालांच्या खांद्यावर दोर आणि जुन्या चादरी. साहेबांचा चेहरा बघूनच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. एरवी हा माणूस फाटकातून शिरतानाच "मावशी, चहा!" असं ओरडायचा. आज मान खाली आणि नजर स्वतःच्या बुटांवर.

"सिस्टर, मोठ्या डॉक्टरांशी बोलणं झालंय माझं. पेटी न्यायला आलोय."

"दुरुस्तीला?"

मध्येच मी तोंड घातलं. "अहो, तिला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे ती. आज तर तुमच्यापेक्षा तीच बरी दिसतेय."

हमालांतला एक फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत.

"दुरुस्तीला नाही, मावशी. कायमची."

मी या दवाखान्यातली मावशी. फरशी पुसायची, दुपटी धुवायची, रडणाऱ्या बाया-बापड्यांना बाकावर बसवून पाणी द्यायचं, हे माझं काम. सगळे मावशी म्हणतात. मोठे डॉक्टर माझ्याहून मोठे, तेही मावशीच म्हणतात, आता काय करणार! आणि मोठ्या सिस्टर म्हणजे बाळांच्या खोलीतल्या सिस्टर. लग्न केलं नाही. भाऊ-वहिनींकडे राहतात, म्हणजे झोपायला तिकडे जातात एवढंच. वहिनी टोमणे मारते, "तिथंच पथारी टाका ना, येण्याजाण्याचे हाल तरी वाचतील." सिस्टर हसून सोडून देतात. त्यांचे केस काळेभोर होते तेव्हापासून मी त्यांना त्या खोलीत बघतेय, आणि कामावर असताना त्या स्टुलावर टेकलेल्या मला तरी आठवत नाहीत.

टेपवाले साहेब यायच्या कितीतरी आधी त्या खोलीत कमी दिवसांच्या बाळांना ऊब द्यायची एक परदेशी पेटी होती. कुणीतरी मोठ्या मनानं भेट दिलेली. काचेची, चकचकीत, तिच्याशेजारी उभं राहून सगळ्या डॉक्टरांनी फोटो काढून घेतले. आमच्याकडे विजेचा खेळ कसा, तर आली म्हणेपर्यंत गेली. दर वेळी पेटी बंद करायची, वीज आली की चालू करायची, पुन्हा बंद. करता करता एक दिवस बटणच सिस्टरच्या हातात आलं. एवढंसं बटण, पण मिळेल तर शपथ! चिठ्ठ्या गेल्या, फोन झाले, कोणी म्हणे हे मॉडेलच बंद झालं. ती पेटी आज जिन्याखाली आहे, मी तिच्यात धुतलेली दुपटी ठेवते. आणि कमी दिवसांची बाळं आम्ही दिव्याखाली ठेवायचो. वीज गेली की दिवाही गेला. मग गरम पाण्याच्या बाटल्या, आणि देव आहेच.

सिस्टरनी ते बटण मनाला लावून घेतलं. माझ्या हातून मोडलं, एवढंच त्या म्हणत राहायच्या.

मग हे साहेब आले. म्हणाले, "तुमच्यासारख्या ठिकाणी टिकेल असं यंत्र आमची कंपनी बनवतेय." मी विचारलं, "आमच्यासारख्या म्हणजे कशा हो?" तर कानापर्यंत लाल झाले. पण माणूस चांगला. वर्षभर येत राहिला. कोपऱ्यात बसायचा, बघायचा, आणि उठून टेपनं मोजायचा. टेबल मोजलं, दार मोजलं, सिस्टरची उंची मोजली, माझा पंजासुद्धा मोजला. म्हणून आम्ही त्याचं नाव टेपवाले साहेब पाडलं. सिस्टर सांगायच्या आणि तो लिहून घ्यायचा. झाकण वरून नको, बाजूनं उघडू दे. लाल दिवा नको, बायका घाबरतात. कोपरे गोल करा, पुसायला बरं.

आणि झाली की हो पेटी! तिच्या तळाला मेणासारखं काहीतरी भरलेलं होतं. वीज असली की ते वितळायचं, वीज गेली की हळूहळू थिजत बाळाला ऊब देत राहायचं. अर्धा दिवस वीज नसली तरी चालायचं. पहिल्यांदा वीज गेली आणि पेटीतलं बाळ तसंच गाढ झोपून राहिलं, तेव्हा सिस्टर खिडकीकडे तोंड करून रडल्या. मला दिसू नये म्हणून तिकडे तोंड केलं होतं, पण मला काय डोळे नाहीत?

त्याच दिवशी त्यांनी पेटीच्या बटणावर पांढरी चिकटपट्टी लावली.

"याला कोणी हात लावायचा नाही," त्यांनी सगळ्यांना बजावलं. "ही बंद करायचीच नाही. बटण गेलं तर पेटी गेली."

तेव्हापासून पेटी चालूच. एक बाळ बाहेर आलं की पुसून घ्यायची, दुसरं आत. एकदा जुळी आली, ती दोन्ही एकाच वेळी आत. नव्या सिस्टरनं एकदा ती पट्टी सोडवायला घेतली, तर मोठ्या सिस्टर तिच्यावर अशा कडाडल्या की ती बिचारी आठवडाभर माझ्यामागे लपत होती. पेटीला टेकून उभं राहायचं नाही, वर काही ठेवायचं नाही, ओल्या हातानं झाकण धरायचं नाही. तळहातावरचा फोड जपावा तशी जपली त्यांनी ती पेटी.

आणि आता हा माणूस दोर घेऊन आलेला.

"का पण?" सिस्टरनी विचारलं. "आमचं काही चुकलं का?"

साहेबांनी हमालांना बाहेर बसायला सांगितलं आणि हळू आवाजात बोलायला लागले. "सिस्टर, वरच्या लोकांनी आढावा घेतला. त्यात असं निघालं की ही पेटी... कोणी फारशी वापरतच नाही."

"वापरत नाही?" सिस्टरना ते नीट कळलंच नाही. त्यांनी मागं वळून पेटीकडे बघितलं. आत एका रंगाऱ्याचं बाळ होतं. जन्माला येऊन चार दिवस झालेले, वजन सांगायची लाज वाटावी इतकं. "एक दिवस रिकामी नव्हती हो ती. मावशींना विचारा."

"मला माहीत आहे. मी स्वतः बघितलंय. पण पेटीत एक फोनचं कार्ड आहे. पेटी चालू केली की आमच्या ऑफिसात निरोप जातो. दवाखान्यानं पेटी विकत घ्यायची नाही, जेवढी बाळं तेवढंच भाडं, आणि तेही देणगी देणारे भरणार, अशी योजना होती. तुम्हाला परवडावी म्हणूनच तशी केली होती. एकदा चालू झाली की एक बाळ धरायचं. तुमच्याकडून वर्षभरात एकच निरोप आला."

सिस्टर त्या चिकटपट्टीकडे बघत राहिल्या. मलाही उमजलं.

"बंद करायला हवी होती का मग?" त्यांनी विचारलं. "प्रत्येक बाळाला बंद करून चालू करायची?"

"हो."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"मला वाटलंच नाही कधी. कार्ड नंतर बसवलं, धंद्याचं बघणाऱ्या लोकांनी. मी ही पट्टी बघितली होती, सिस्टर. बघून हसलोही होतो. तेव्हाही डोक्यात आलं नाही. सगळीकडे हेच झालं. एका दवाखान्यात तर पेटी कुलपात ठेवली होती, अगदीच नाजूक बाळ आलं तर काढायची म्हणून. सगळ्यांनी जपून वापरली. तिकडे ऑफिसात दिसलं की पेटी कोणाला नकोच आहे."

माझं डोकंच फिरलं. "अहो, मग एक माणूस पाठवायचा होता बघायला! यंत्राला काय विचारता, पेटी रिकामी आहे का म्हणून? एवढे शिकलेले तुम्ही, बसचं एक तिकीट निघालं नाही तुमच्याच्यानं? वर्षभर माझा पंजा मोजत बसलात!"

"मावशी," सिस्टर म्हणाल्या, "बाळ उठेल."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"आता सांगा त्यांना," सिस्टर साहेबांना म्हणाल्या. "खरं काय ते कळवा. आम्ही आजपासून बंद-चालू करू. तुम्ही म्हणाल तसं करू."

"सांगितलं. लिहून दिलं, भांडलोसुद्धा. ते म्हणाले, समजलं, पण आता उशीर झाला. कंपनीनं दुसरं काम धरलंय. हेच मेण पिशव्यांत घालतात. घरपोच जेवणाच्या पिशव्या, शहरातल्या लोकांना जेवण गरम मिळावं म्हणून. त्याचा खप आहे. आमचा पेटीचा विभाग बंद झाला, या महिन्यानंतर मीही नाही तिथं."

मोठे डॉक्टर आले तेव्हा सिस्टर एकच गोष्ट मागत होत्या. हे एवढं बाळ पेटीबाहेर राहण्याजोगं होऊ द्या, मग न्या. मी स्वतः दारापर्यंत आणून देते. डॉक्टर चष्मा पुसत राहिले. "सिस्टर, वस्तू त्यांची आहे. करार तसाच आहे. मी दुसरीकडे जागा विचारतो या बाळासाठी." त्यांनी आमच्यासमोरच तीन ठिकाणी फोन लावले. कुठंच जागा नव्हती, आणि एवढं बाळ थंडीत गाडीतून नेणं म्हणजे जीवाशी खेळ.

साहेबांनीही ऑफिसला फोन लावला. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. "हो... नाही, तसं नाही... एक आठवडा फक्त... बरं." फोन ठेवून ते म्हणाले, "ठेवून उपयोग नाही. आज संध्याकाळी सगळ्या पेट्या तिकडूनच बंद करणार आहेत. इथं ठेवली तरी ती गार होईल."

"पण परत नेऊन करणार काय तिचं?" मी विचारलं. "लोणचं घालणार?"

ते म्हणाले, "बाकीच्या मोडीत जातील. या पेटीच्या रचनेला बक्षीस मिळालंय. परदेशात प्रदर्शन आहे, तिथं एक ठेवायचीय. तुमची निवडली, कारण सगळ्यांत नीट राहिलेली हीच आहे."

सिस्टर म्हणाल्या, "एक तास द्या."

मला त्यांनी रंगाऱ्याला बोलवायला धाडलं. तो वऱ्हांड्यात बसूनच असायचा. त्याची बायको खालच्या वॉर्डात होती, ऑपरेशन करून बाळंत झालेली आणि तापानं फणफणलेली. शुद्धीवर आली की बाळाचं विचारायची, पुन्हा ग्लानीत जायची. आधीची दोन पोटातच गेलेली. हे तिसरं, आणि जिवंत, म्हणून दोघांचा जीव टांगणीला लागलेला. रंगारी तसा अबोल, पण पेटीच्या काचेजवळ आला की बोलायचा. "घरात पिवळा रंग उरलाय, तुझा कोपरा पिवळा करतो," असं काहीबाही.

"शर्ट काढ," सिस्टरनी त्याला सांगितलं.

तो गोंधळला. माझ्याकडे बघायला लागला.

"लाजतोस काय? तुझ्या आईच्या वयाची आहे मी. काढ," मी म्हटलं.

त्यानं हात धुतले, पुन्हा धुतले. नखांतला रंग निघेना, तर ब्रशनं घासायला लागला. सिस्टरनी हात धरून थांबवलं, खुर्चीत मागं रेलून बसवलं आणि बाळ उचलून त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं, पालथं, मान एका बाजूला. वरून सुती कापडानं दोघांना एकत्र बांधलं आणि त्यावर चादर, शाल, जे होतं ते सगळं घातलं.

"तुझ्या अंगाची ऊब हीच आता याची पेटी. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. हात भरून आला तर सांग, मावशी आहेत, मी आहे, आळीपाळीनं धरू."

"नाही, मी धरतो," तो म्हणाला. तो श्वाससुद्धा जपून घेत होता.

मग सिस्टर पेटीपाशी गेल्या. नखानं चिकटपट्टीचं टोक सोडवून त्यांनी ती हळूहळू काढली. पट्टीखालचं बटण कोरं करकरीत होतं. त्यांनी ते दाबलं. पेटीचा बारीक घूंऽऽ आवाज थांबला. इतके दिवस तो आवाज आहे हेही मी विसरून गेले होते.

"आता तुमच्या ऑफिसला सांगा," सिस्टर टेपवाल्यांना म्हणाल्या, "आमच्याकडे एक बाळ झालं."

त्यांचा आवाज अगदी साधा होता, तरी साहेबांना तो लागला. हमालांनी पेटी चादरींत गुंडाळून उचलली. जाताना साहेबांनी माझ्या हातात एक पिशवी दिली, नव्या जेवणाच्या पिशवीचा नमुना. "मेण तेच आहे, मावशी. काही उपयोग झाला तर..." मी नेहमीसारखं "पुन्हा या" म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

मला वाटलं, तेच मेण आहे तर बघूया की! मी पिशवीतला पुडा काढून गरम पाण्यात ठेवला, कापडात गुंडाळून सिस्टरना दिला. त्यांनी आपल्या गालाला लावला आणि पटकन बाजूला केला. गालावर लाल डाग उठला. ते डब्यासाठी केलेलं होतं, भात-भाजीसाठी. थोडं निवू दिलं तर मेण लगेच दगडासारखं घट्ट, ऊब संपली. दोनदा करून बघितलं आणि नाद सोडला.

तो दिवस गेला, रात्र गेली. रंगारी खुर्चीतून हलला नाही. लघवीला जायचं तर सिस्टर किंवा मी बाळ घ्यायचो, पोलक्याची बटणं सोडून छातीशी धरायचो, आणि तो धावतच परत यायचा. माझ्या पोटाशी ते एवढंसं अंग आलं की मला रडू फुटायचं. स्वतःची चार पोरं वाढवली मी, पण एवढं हलकं काही कधी हातात धरलं नव्हतं. सिस्टर घरी गेल्याच नाहीत. वहिनीचा फोन आला तेव्हा मीच घेतला आणि चार शब्द जास्तच सुनावले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वीज गेली. थंडी अशी की खिडकीच्या फटीत आम्ही कापूस भरला. बाळाचे पाय गार पडायला लागले. सिस्टर ते तळहातात धरून बसायच्या, फुंकर घालायच्या, नळीतून थेंब-थेंब दूध द्यायच्या. दुपारी त्यानं दूध घेणं कमी केलं. डॉक्टर दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांनी सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले, आणि मला त्याच क्षणी कळलं, पण मी मनाला म्हटलं, गप, तुला काय कळतंय.

"पिवळा नको वाटतं याला," रंगारी मला म्हणाला. "निळा देऊ का?"

"निळा दे," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालून निरोप आला. रंगाऱ्याच्या बायकोचा ताप उतरला, उठून बसलीय, पेज घेतली, आणि बाळ मागतेय. मी आनंदानं वर पळाले, म्हटलं, चला, एक तरी गोष्ट चांगली झाली. सांगितलं तर रंगाऱ्याचा चेहरा उजळला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, पण हसला.

"सिस्टर, बघा ना, आज अंग कसं गरम लागतंय त्याचं," तो म्हणाला. "काल पाय गार होते. आता नाहीत. आणि शांत झोपलंय."

सिस्टरनी कापडाखाली छाती तपासायची नळी सरकवली आणि ऐकलं. जागा बदलून ऐकलं. पुन्हा बदलून ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा मी इतक्या वर्षांत पुष्कळदा बघितलाय. त्यांनी कानांतून नळी काढली, घडी करून खिशात ठेवली.

"हो," त्या म्हणाल्या. "तुझी ऊब लागलीय त्याला."

"मग आता नेऊ खाली? तिला दाखवू?"

"नेऊ. थोडा वेळ धर अजून."

असं म्हणून त्या त्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, खाली बसता येत नाही, तरी बसल्या. बाळाच्या पाठीवर त्याचा हात होता, त्यावर त्यांनी आपला हात ठेवला. तो अजून हसतच होता, आणि त्या मान वर करून त्याच्याकडे बघत होत्या. आता सांगणार, मला कळलं.

"मावशी," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही खाली जा. तिच्यापाशी बसा. आम्ही येतोच."

मी गेले. जिना उतरताना कठड्याला धरून दोनदा थांबले. वॉर्डात शिरले तर ती पलंगावर बसलेली. शेजारणीकडून कंगवा मागून केस विंचरले होते, तोंड धुतलं होतं, अंगावर धुतलेलं पातळ होतं. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिनं दाराकडे बघितलं आणि घाईघाईनं पलंगाच्या एका कडेला सरकली. मग टाके दुखत असतानाही वाकून तिनं मोकळ्या झालेल्या जागेवरची चादर हातानं सारखी केली.